दगडांच्या बेटावर सरू हरवली, ती हकीकत

सेरंगूनच्या मॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाची माणसं भेटली की विचारतात, "काका, जपान कसं वाटलं?" मी सांगतो, "दगड चांगला आहे." ते हसतात. म्हातारा थट्टा करतो असं त्यांना वाटतं. मी थट्टा करत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं पन्नास वर्षं दगड फोडला. मुलूख कसा आहे ते मला त्याच्या दगडावरून कळतं. सिंगापुरात दोन वर्षं झाली, इथला दगड अजून नीट बघायला मिळालेला नाही. सगळं सिमेंटानं झाकलेलं.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. जे जाऊन आले ते मोठ्या शहरांचे फोटो दाखवतात. आम्ही गेलो ते बेट त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. त्याचं नाव शोदोशिमा.

आधी आमच्याबद्दल. मी धोंडिबा, माझी बायको सरस्वती म्हणजे सरू, आणि आमचा मुलगा राजेंद्र. राजेंद्र आंग मो किओला कंपनीत इंजिनीअर आहे, घर यिशुनला, बाराव्या मजल्यावर. गावाकडं कुणी उरलं नाही म्हणून त्यानं आम्हाला इकडं आणलं. वर्षभरापासून सरू विसरायला लागली. गॅस चालू ठेवायची. एकदा खाली जाऊन दुसऱ्याच ब्लॉकच्या बाराव्या मजल्यावर दार वाजवत बसली. मी म्हणालो, इथले सगळे ब्लॉक एका साच्यातले, मीसुद्धा दोनदा चुकलोय. राजेंद्र म्हणाला, "आबा, पुण्याजवळ एक संस्था आहे. अशा माणसांना चांगलं सांभाळतात. नर्स असतात."

"अशा म्हणजे कशा?" मी म्हणालो. "तुझ्या आईला काही झालेलं नाही."

महिनाभर हेच चाललं. सूनबाई मध्ये पडायची नाही, पण कुकरची शिट्टी मोजायला स्वतः उभी राहायची. ते मला लागायचं. शेवटी राजेंद्रनं सुट्टी काढली. त्याच्या ऑफिसातला एक जपानी त्याला म्हणाला होता, तुझे वडील दगडातले आहेत तर त्यांना आमच्या बेटावर ने. राजेंद्र मला म्हणाला, "चार दिवस आपण तिघंच राहू. आई परक्या जागी कशी राहते ते बघू, आणि आल्यावर काय ते ठरवू."

मी म्हणालो, "ठरवायचं काय त्यात? ती नीट राहील. आणि नीट राहिली तर त्या संस्थेचं नाव माझ्यापुढं परत काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," राजेंद्र म्हणाला.

अशा बोलीवर आम्ही निघालो.

बोट

विमान, रेल्वे यांचं काय सांगायचं, बसून राहायचं असतं. ताकामात्सु नावाच्या बंदरावरून बोट सुटते, तासाभरात बेटावर पोचवते. बोट एवढी मोठी की पोटात ट्रक उभे. समुद्र मात्र अगदी गप्प. लाट नाही, फेस नाही, सगळीकडं डोंगराची टोकं पाण्यातून वर आलेली.

सरू खिडकीशी बसली होती. म्हणाली, "अवो, ह्ये धरण कवा बांधलं?"

"समुद्र आहे," मी म्हणालो.

खरं तर चूक तिची नव्हती. आमच्याकडं धरणाच्या पाण्यातून टेकड्या अशाच डोकावतात. पण थोड्या वेळानं तिनं परत विचारलं, आणि मग परत. तिन्ही वेळा मी तिच्या कानाशी लागून हळू उत्तर दिलं. राजेंद्र समोरच्या बाकावर होता. त्याला ऐकू जाऊ नये एवढंच मी बघत होतो. त्या चार दिवसांत मी निम्मा वेळ हेच केलं, डोंगर बघितले ते उरलेल्या वेळात.

बोटीवर गरम रश्शातल्या जाड शेवयांसारखं काहीतरी मिळतं. चांगली कोट घातलेली माणसं ते सुर्र सुर्र आवाज करून ओढत होती. सरू मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघा. आणि आपुन बशीतनं च्या पिला तर सूनबाई बघतीया." राजेंद्र म्हणाला, इथं आवाज केला तर जेवण आवडलं असं समजतात. मग मीही ओढलं. कपड्यावर सांडलं.

त्यांची भाषा मला एका बाबतीत आपलीच वाटली. ते प्रश्न विचारताना शेवटी 'का' लावतात, आपल्यासारखाच. आणि हो म्हणायला म्हणतात 'हाय'. आमच्या गावाकडं 'आहे'ला 'हाय'च म्हणतात. तिकीट बघणाऱ्या माणसानं मला काहीतरी 'का' म्हणून विचारलं, मी तिकीट पुढं करून म्हणालो, "हाय." तो म्हणाला, "हाय." राजेंद्रनं कपाळाला हात लावला. पण काम झालं की नाही?

मुक्काम

बेटावर उतरलं की पहिला वास येतो तो सोयाबीनच्या काळ्या रसाचा. त्याचे जुने कारखाने आहेत, भिंती काळ्या पडलेल्या, आत माणूस बुडेल एवढी लाकडी पिंपं. रस्त्याकडेला जैतुनाची झाडं. डोंगरात गुहेगुहेतून देवळं. पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू काठी टेकत एकेक करत सगळी फिरतात. पण जास्त दिसतात ती बंद घरं. चांगली लाकडी घरं, कौलं शाबूत, आणि दाराला वेल चढलेले. शाळा दिसली, मैदानात गवत गुडघाभर. राजेंद्र म्हणाला, तरुण माणसं ओसाकाला गेली. मी म्हणालो, "यात सांगण्यासारखं काय? आपल्या आळीत किती घरं उघडी आहेत सांग."

आम्ही उतरलो ती जागा एका म्हातारीची होती. माझ्याच वयाची असेल, पण वाकून काटकोन झालेली. खोलीत खाट नाही, जमिनीवर गाद्या. ते मला बरं वाटलं, यिशुनच्या उंच पलंगावर मला आजही पडायची भीती वाटते. जेवणात कच्चा मासा होता. तो मांजरानं खावा. आम्ही सूनबाईनं दिलेल्या चटणीशी भात खाल्ला. सकाळी थंडगार पाण्यात बारीक शेवया आल्या, वर बर्फ. शेवया आणि बर्फ! पण घशाखाली छान उतरल्या.

तिथं चपलांचा मोठा कारभार आहे. बाहेरच्या वेगळ्या, पडवीतल्या वेगळ्या, आणि संडासाच्या तर अगदीच वेगळ्या. दुसऱ्या दिवशी सरू संडासाच्या चपला घालून जेवायच्या खोलीत आली. म्हातारी गुडघ्यावर बसली, सरूच्या पायातल्या चपला काढल्या, दुसऱ्या घातल्या. राजेंद्र माझ्याकडं बघत होता.

"मीच दिल्या तिला त्या," मी म्हणालो. "माझी चूक."

"आबा," तो म्हणाला, "ती गेली तेव्हा तुम्ही खोलीतून बाहेरच आला नव्हता."

त्या म्हातारीनं नंतर फोनवरून आमच्याशी गप्पा मारल्या. ती बोलायची, फोन मराठीत बोलायचा, पण पुस्तकी, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. तिनं विचारलं, "आपण पुत्रासमवेत निवास करता का?" मी म्हणालो, हाय. फोन म्हणाला, "आपण भाग्यवान आहात. माझा पुत्र वर्षातून एकदा येतो." सरूनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, बघ राजेंद्र, बघ, हिला कसली संस्था पाहिजे?

खाण

तिसऱ्या दिवशी राजेंद्रनं आम्हाला भाड्याच्या गाडीतून दगड दाखवायला नेलं. यासाठीच तर आलो होतो. ओसाकाला जो मोठा किल्ला आहे, त्याच्या तटाला लागलेला दगड या बेटावरून गेला. इथं फोडायचे, समुद्रापर्यंत उतरवायचे, आणि नावेनं न्यायचे. त्यातले काही फोडून तयार झाले पण नेलेच नाहीत. ते तसेच जंगलात पडून आहेत. राजेंद्रनं पाटी वाचून सांगितलं, लोक त्यांना हळहळीचे दगड म्हणतात. कामाला लागायचे राहिले, म्हणून.

झाडीत पायवाट होती. सरूला एका सपाट दगडावर बसवलं. राजेंद्र म्हणाला, "मी गाडी वरच्या वळणापर्यंत आणतो, म्हणजे आईला परत उतरायला नको. आबा, तिचा हात सोडू नका."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

म्हशीएवढाले दगड. शेवाळलेले. आणि कडेला एका ओळीत पाचरीच्या खाचा, जबड्यातल्या दातांसारख्या. मी बोटं घातली. चार बोटं बरोबर बसली. इतक्या पिढ्या झाल्या तरी आतली धार हाताला लागत होती. दगडाला ओळीत खाचा पाडायच्या, लोखंडी पाचरी बसवायच्या, आणि एका टोकापासून क्रमानं ठोकत जायचं. कान दगडावर ठेवायचा. आवाज फिरला की थांबायचं, मग दगड आपला आपण उघडतो. जोर करणाऱ्याचं हे काम नाही, थांबणाऱ्याचं आहे. एका दगडावर खाचा होत्या, पण चीर वाकडी गेली होती. मी बघताक्षणी ओळखलं. पाथरवटानं नस, म्हणजे दगड आतून कुठल्या अंगानं चिरतो ते, बघितली नव्हती, आडवी ओळ धरली होती. शिकाऊ असणार. त्याला मुकादमानं काय सुनावलं असेल तेही मला ऐकू आलं.

तेवढ्यात झाडू घेऊन एक म्हातारा आला, तिथली साफसफाई बघणारा. त्यानं मला खाचेत बोटं घालताना पाहिलं, मग माझे हात पाहिले, मग स्वतःचे दाखवले. अंगठ्याची नखं जाड, काळी, वाकडी. दोघांनाही कळलं. मी त्याला वाकडी चीर दाखवली, तो मान हलवून हसला. मी हातानं दाखवलं, ओळ इकडून हवी होती. त्यानं दाखवलं, नाही, अशी हवी होती. मी म्हणालो, अरे, नस कुठं चालली आहे ते बघ! त्यानं झाडू खाली टाकला आणि दगडावर थापा मारायला लागला. मीही मारल्या. भाषा एक नाही, पण भांडण चांगलं रंगलं. पन्नास वर्षांत एवढ्या जाणत्या माणसाशी मी भांडलो नव्हतो. खाण सुटल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मागं वळलो तर सरूला बसवलं होतं तो दगड रिकामा होता.

मी हाक मारली. पायवाटेवर गेलो, परत आलो, दुसऱ्या बाजूला गेलो, हाका मारल्या. मग माझ्या लक्षात आलं, तिनं ओ दिली असेल तरी मला ऐकू आली नसेल. घणानं माझे कान कधीच गेलेत, जवळचं तेवढं ऐकू येतं. म्हणजे मी हाक मारत होतो आणि उत्तर माझ्यापर्यंत येण्याची सोयच नव्हती.

त्या म्हाताऱ्यानं पोलिसांना फोन लावला. तेवढ्यात राजेंद्र वर आला. त्यानं रिकामा दगड बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि रस्त्याकडं धावला. काही बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बेटावर जागोजागी खांबांवर भोंगे आहेत, वादळाची खबर द्यायला. त्यातून बाईचा आवाज सुरू झाला, एवढा मोठा की मलाही ऐकू आला. डोंगरावरून आवाज फिरून दोनदा येत होता. त्यातले दोनच शब्द मला कळले. 'इंदो' म्हणजे आपला देश, आणि 'सारी' म्हणजे साडी. माझ्या बायकोची दवंडी पिटत होते, साऱ्या बेटावर.

दोन तास. खाली रस्ता, रस्त्याच्या खाली लगेच समुद्र. राजेंद्र रस्त्यानं बघत होता. मी पाण्याकडं बघत होतो. पाणी तसंच गप्प, धरणासारखं. तिला ते धरणच वाटत होतं, आणि धरणावर ती धुणं धुवायला उतरायची. मी कठड्याला धरून प्रत्येक खडकामागं रंग शोधत होतो. तिचं लुगडं हिरवं होतं. पाण्यातलं शेवाळही हिरवंच होतं.

मग राजेंद्रचा फोन वाजला. सापडली होती. तिथून बरीच लांब, एका शेवयांच्या कारखान्यात. तिथं घराघरांत शेवया करतात, अंगणात लाकडी चौकटींवर उन्हात टांगतात, पांढरे पडदे लावल्यासारख्या. सरू आत शिरली आणि पीठ लावून शेवया मोकळ्या करायला बसली. तिथल्या बायकांनी तिला चहा दिला, काम करू दिलं, आणि पोलिसांना कळवलं. पोलीस तिला चौकीवर घेऊन गेले होते.

चौकी

गाडीत राजेंद्र म्हणाला, "आबा, ते म्हणतात, आई गावाचं नाव सांगते, पण नवऱ्याचं नाव विचारलं की गप्प बसते. नाव आठवत नसणार तिला."

आणि मी हसलो. खरंच हसलो. "अरे खुळ्या, आठवत नाही कसं? ती घेत नाही! एक्कावन्न वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा, तेवढंच. रेशनच्या हापिसात कारकुनानं विचारलं तर हिनं दाराबाहेरचा धोंडा बोटानं दाखवला. तो म्हणाला, बाई, नाव सांगा. ही परत धोंडाच दाखवते! अधिक महिन्याला सगळं गाव धोंड्याचा महिना म्हणतं, ही कधी म्हणाली का? जपानच्या पोलिसानं विचारलं म्हणून घेईल होय? तिचं डोकं ठिकाणावर आहे, त्याचाच हा पुरावा."

राजेंद्र गाडी चालवता चालवता डोळे पुसत हसायला लागला. मला वाटलं, मी जिंकलो. दोन तासांपूर्वी समुद्रात तिला शोधत होतो, आणि आता छाती फुगवून बसलो होतो.

चौकी लहान, स्वच्छ. सरू खुर्चीवर बसली होती, हाताला पीठ, पुढ्यात चहा. तरुण पोलीस अदबीनं उठला, वाकला. माणूस ताब्यात द्यायचं तर त्यांची एक रीत असते. त्यानं फोन तिच्यापुढं धरला, माझ्याकडं हात केला, आणि फोन म्हणाला, "हे सद्गृहस्थ कोण आहेत?"

मी म्हणणार होतो, ती नाही सांगायची.

सरूनं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग सरळ म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो धोंडिबा. चिमाजी पाथरवटाचा थोरला. आमच्या गावच्या खाणीवर असतोय." आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून पोलिसाकडं वळून बोलली, "माझ्याकडं असा काय बघतोय त्यो?"

फोननं जपानीत काय सांगितलं कोण जाणे, पोलीस आनंदानं वाकला. राजेंद्रनं माझे दोन्ही खांदे धरले. "आबा! नाव घेतलं तिनं! आजोबांचं पण सांगितलं! ओळखलं तिनं तुम्हाला!"

ओळखलं, खरं. आमच्या लग्नाआधी खाण तिच्या गावाच्या शिवेवर होती. पाण्याला जाणाऱ्या पोरी आम्हाला लांबून बघायच्या, कोण कुणाचा ते त्यांना ठाऊक असायचं. तिनं मला तसं ओळखलं. परक्याचं नाव घ्यायला बाईला काही अडत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गप्प बसली, तोवर मी तिचा नवरा होतो. मी दारातून आत आलो तेव्हा नव्हतो.

कागद पुढं आला. राजेंद्रनं नात्याच्या रकान्यात 'नवरा' लिहिलं, आणि मी खाली सही केली. माझी सही मोठी असते, कधीच रकान्यात मावत नाही. त्या दिवशी मावली.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली, पण दाराला चिकटून, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी त्या जागेत हात ठेवला नाही.

संध्याकाळी भोंग्यावर गाणं वाजलं, तिथं रोज पाच वाजता वाजतं. सरू खिडकीपासून वळली आणि म्हणाली, "अवो, च्या घेता का?" म्हणजे परत आली होती. मी म्हणालो, घेतो.

यिशुन

परतीच्या बोटीवर राजेंद्र माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "आबा, तुमचं खरं. चूक माझी होती. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेत तिनं तुमचं नाव सांगितलं. घरीच ठेवू तिला. संस्थेला मी 'नको' म्हणून कळवतो."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण माणूस जन्मभर बोलेल ते खरं करत आला असला, तर हरलो म्हणायला त्याची जीभ वळत नाही. माझी नाही वळली. समुद्र बघत उभा राहिलो.

त्याला आता तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत तिनं मला दोनदा दार उघडून विचारलं, कोण पाहिजे. एकदा मी खाली जाऊन बाकावर बसलो आणि तासाभरानं परत वर गेलो, तिला भीती वाटू नये म्हणून. राजेंद्र ऑफिसात होता. मी त्याला सांगितलं नाही.

माझं अक्षर कुणाला लागत नाही. मंडळाच्या अंकासाठी हे राजेंद्रच टाईप करणार आहे. तेव्हा, राजेंद्र, इथं जरा थांब. चौकीत काय झालं ते वर लिहिलं आहे, परत वाच. मी तोंडानं सांगू शकलो नाही, ते लिहून दिलं. मंडळवाल्यांनाही कळू दे, मला त्याची लाज नाही.

त्या संस्थेला फोन कर. विचार, नवऱ्याला जवळ राहू देतात का. नसले देत तर आसपासच्या गावात मला खोली बघ, तळमजल्याची. मी रोज जाईन. मी कोण ते तिचं ती ठरवील. धोंडिबा म्हणून हाक मारली, तरी ओ देईन.